वाऱ्याच्या बाजूला

घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. धाप लागली की माणूस तोंड उघडतो, कुत्रा जीभ बाहेर काढतो, उन्हात औत ओढून आलेला बैलही तोंड वासून लाहाकतो. घोड्याच्या टाळूचा मऊ पडदा मात्र इतका लांब असतो की घशाशी नाकाची वाट आणि तोंडाची वाट यांच्यात आडोसाच उभा राहतो. कितीही दम लागला तरी दोन नाकपुड्या एवढंच त्याचं भांडवल. त्या फुगतात, गोल होतात, आतली गुलाबी त्वचा दिसू लागते. ओठ मात्र मिटलेले. घोड्यांची सवय नसलेल्या माणसाला असा घोडा नुसता उभा आहे असंच वाटतं. आमच्या मैनेकडे बघून पाहुणे म्हणतात, "किती शांत आहे हो!"

मैना २२ वर्षांची आहे. तरुणपणी ती पुण्याच्या मैदानावर पळायची, मग काही वर्षं मुलांना रपेट शिकवण्यात गेली आणि उतारवयात ती फलटणजवळच्या आमच्या मळ्यात आली. शर्यतीच्या वहीतलं तिचं इंग्रजी नाव इथे कुणाच्या जिभेला वळलं नाही, म्हणून ती मैना झाली. भरधाव घोड्याचा श्वास त्याच्या टापांशी बांधलेला असतो: एका झेपेला एक श्वास, ना अधिक ना उणा. त्या भरात मिनिटाला दीड हजार लिटरहून जास्त हवा त्याच्या छातीतून ये-जा करते. मैनेच्या छातीनेही हे सगळं केलेलं आहे. आता तीच छाती मळ्यातल्या विहिरीपासून गोठ्यापर्यंत यायला कुरकुरते.

सुरुवात खोकल्याने झाली. सकाळी चंदीचा तोबरा चढवला की दोन ठसके, मग दिवसभर काही नाही. घोड्यांचं सगळं पाहणारे आमचे मामा म्हणाले, "दाणा नाकात गेला आसंल." मामा म्हणजे नात्याने कुणाचेच मामा नव्हेत, सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. पुढे ठसके वैरणीच्या वेळीही येऊ लागले, मग चालताना. आणि एके दिवशी मामांनीच तिच्या कुशीकडे बोट दाखवलं. बरगड्यांच्या कडेने, मांडीकडून खाली पुढे उतरत जाणारी एक पन्हळ तिथे पडली होती. कातडीखाली पोटाचा स्नायू जाड झालेला. तालमीत जाणाऱ्या पोराचा दंड जाड होतो तसा तोही मेहनतीने झालेला होता, फक्त मेहनत श्वास सोडण्याची.

हा दमा, आणि ही त्याची उलटी तऱ्हा आहे. दम्याच्या जनावराला हवा मिळत नाही असं आपल्याला वाटतं. खरी अडचण आत गेलेली हवा बाहेर काढायची असते. श्वासनळ्यांच्या बारीक फांद्या आतून सुजतात, त्यांचे स्नायू आवळतात, वर चिकट शेंबूड साचतो. श्वास घेताना छाती ताणली जाते आणि वाट जरा रुंदावते. सोडताना ती मिटते आणि हवा आतच अडकते. मग घोडा श्वास दोनदा सोडतो. एकदा छाती आपोआप बसते, तिच्या पाठोपाठ पोट आवळून उरलेली हवा ढकलली जाते. निरोगी घोडा उभ्या जागी मिनिटाला ८ ते १६ वेळा श्वास घेतो, आणि तोही इतका हळू की कुशीवर नजर रोखून बसावं लागतं. मैनेचा आकडा वाईट दिवसांत तिशीच्या पुढे जातो आणि तेव्हा नजर रोखावी लागत नाही. लांबून चालत येतानाच तिचं पोट दिसतं.

सर जॉन फ्लॉयर नावाचा एक इंग्रज वैद्य होता. त्याला स्वतःला दमा होता, वर्षानुवर्षांचा. १६९८ साली त्याने दम्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात अशाच एका दमेकरी घोडीची छाती उघडून पाहिल्याची हकिगत लिहिली. फुप्फुसं फुगून राहिलेली त्याला आढळली, हवेने भरलेली आणि न बसणारी. स्वतःच्या छातीत काय चाललं असेल हे त्या काळी जिवंतपणी बघायची सोय नव्हती. ते त्याने घोडीत बघितलं. मला या वैद्याचा फार लोभ वाटतो. रात्री उशांचा ढीग रचून बसलेला, श्वास सुटायची वाट बघणारा तो माणूस दुसऱ्या दिवशी घोडी बघायला गेला असेल तेव्हा त्याच्या मनात वैद्यकी किती होती आणि बाकीचं किती होतं, कोण जाणे.

आमच्या डॉक्टरांना छाती उघडावी लागली नाही. त्यांनी मैनेच्या नाकातून बारीक दुर्बीण घातली, श्वासनळीत साचलेला शेंबूड आम्हाला पडद्यावर दाखवला, फुप्फुसात मिठाचं पाणी सोडून ते पुन्हा ओढून घेतलं आणि तपासायला पाठवलं. त्यात ज्या पांढऱ्या पेशी थोड्या असायला हव्यात, त्या न्यूट्रोफिल पेशींची गर्दी निघाली. जंतू असे काही नव्हतेच. "हा संसर्ग नाही," डॉक्टर म्हणाले, "बाकीच्या जनावरांना लागणार नाही. आणि हा बराही होणार नाही. धूळ सांभाळली तर घोडी सांभाळली जाईल."

धूळ म्हणजे रस्त्याची धूळ, असं मी धरून चालले होते. आमच्याकडे तिचा तुटवडा नाही. पण डॉक्टर सरळ गंजीकडे गेले. परतीच्या पावसाच्या आसपास डोंगरी गवत कापलं जातं. ते पुरतं वाळायच्या आत एखादी सर येते, मजूर थांबत नाहीत, टेम्पो ठरलेला असतो, आणि गवत ओलसरच दाबून त्याच्या गाठी बांधल्या जातात. आतल्या ओलाव्याने गाठ तापते; हात घातला तर ऊब लागते. त्या उबेत बुरशी वाढते आणि गाठ थंड होईपर्यंत तिथे कोट्यवधी बीजाणू तयार असतात. बाहेरून गवत सोनेरीच दिसतं. डॉक्टरांनी एक गाठ सोडून उन्हाच्या तिरिपेत झटकली. जे उडालं ते बघून मामा दोन पावलं मागे सरले. त्यातले सगळ्यात बारीक कण केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान असतात. नाक त्यांना अडवू शकत नाही. ते थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाऊन बसतात. घोडा खाताना नाक वैरणीतच खुपसून उभा असतो. म्हणजे तबेल्याच्या दारात उभं राहून हवा चांगली आहे की नाही हे ठरवणाऱ्या माणसाची हवा वेगळी आणि घोड्याच्या नाकाशी असलेली हवा वेगळी.

हे बीजाणू माणसालाही सोडत नाहीत. कुजकं गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांना होणारा फुप्फुसाचा एक आजार युरोपात शेतकऱ्यांच्याच नावाने ओळखला जातो. आमच्या भागातल्या कुणाला त्याचा भाऊबंद ओळखीचा वाटेल: साखर कारखान्याच्या मागे पडून राहिलेल्या, आतून तापलेल्या बगॅसच्या ढिगांवर काम करणाऱ्यांना होणारा. त्यालाही त्या बगॅसचंच नाव मिळालेलं आहे. ज्या मालाने आजार दिला त्याचं नाव आजाराला, आणि ज्याच्या छातीत तो बसला त्याचं नाव कुठेच नाही.

तर, मैनेचा आजार तिच्या घरातून आलेला होता. हे पचवायला मला वेळ लागला, कारण ते घर चांगलं होतं. पक्क्या भिंती, पत्र्याखाली छताला गवताचा थर, रात्री दार बंद, खाली पेंढ्याचं जाड अंथरूण, वरच्या माळ्यावर वर्षभराची वैरण रचलेली. थंडीत अंगावर झूल. पाहुण्यांना हौसेने दाखवावा असा तबेला. घोड्यावर माया करायची म्हणजे त्याला आत घ्यायचं, झाकायचं, कोरडं आणि उबदार ठेवायचं, असा आपला समज, आणि तो माणसाच्या मापाने बेतलेला आहे. घोड्याला थंडीचं फारसं काही नसतं. त्याला बंद हवेचं असतं. अंथरुणात मुरलेल्या मुतातून अमोनिया उठतो, डोळ्यांना झोंबतो, आणि आपण तो "तबेल्याचा वास" म्हणून सोडून देतो. माळ्यावरची वैरण खाली ओढताना रोज एक ढग खाली उतरतो. तबेला जितका घट्ट बांधलेला, तितका तो ढग आतच राहतो.

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे आमच्या शिवारावरून घाटाकडे आणि पुढे कोकणात उतरतात. त्यांच्यासोबत तट्टं असतात, बुटकी, काटक, बिऱ्हाड पाठीवर घेतलेली. वर कोंबड्या, कधी एखादं करडू, कधी पोर. त्या तट्टांना छप्पर ठाऊक नाही. दाबलेली वैरण ठाऊक नाही. वाटेत मिळेल ते जमिनीवरून खुडत जायचं. त्यांना दमा होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्याकडे बघून आमच्या डॉक्टरांच्या सगळ्या सूचना एका दमात कळतात. मान खाली घालून चरणाऱ्या घोड्याच्या श्वासनळीतला शेंबूड उताराने आपोआप नाकाकडे येतो. उंच बांधलेल्या गव्हाणीत तोंड घालून खाणाऱ्याच्या तो आतच राहतो. इतकी साधी गोष्ट, आणि तरी सगळ्या हौशी तबेल्यांत गव्हाणी छातीच्या उंचीवर.

मैनेला आम्ही बाहेर काढलं. कडुनिंबाखाली चार खांब रोवून वर पत्रा टाकला. भिंत एकही नाही. खाली मुरूम, अंथरूण नाही. गव्हाण गेली, घमेलं जमिनीवर आलं. आणि वैरण भिजवायला सुरुवात झाली.

वैरण भिजवणं ऐकायला सोपं आहे. कांद्याच्या जाळीदार गोणीत गवत भरायचं, गोणी निळ्या पिंपात बुडवायची, ती वर येऊ नये म्हणून दगड ठेवायचा, अर्ध्या तासाने काढून निथळत टांगायची. खालचं पाणी तांबूस होतं; गवतातली साखर आणि क्षार त्यात उतरलेले असतात. घोड्याला ते देता येत नाही, ओतून द्यावं लागतं. पाण्याने बुरशी मरत नाही. बीजाणू फक्त गवताला चिकटून राहतात, उडत नाहीत. म्हणजे गवत ओलं आहे तोवरच ते बिनधोक. घोडीने अर्धं खाऊन सोडलं आणि उरलेलं उन्हाने वाळलं की पुन्हा तेच. उन्हाळ्यात दुसरी पंचाईत: भिजलेलं गवत काही तासांत आंबतं. सकाळचं सकाळी, संध्याकाळचं संध्याकाळी, उरलं तर उकिरड्यावर. वाफ दिली तर बुरशी मरते, पण ती वाफ गोणीच्या मध्यापर्यंत कढत पोचायला हवी. मामांनी न्हाणीघरातल्या बंबाला नळी जोडून खटपट करून पाहिली. डॉक्टर म्हणाले, "कोमट वाफेने जंतूंना ऊबच मिळते. त्यापेक्षा पाणीच बरं." बंब परत न्हाणीघरात गेला.

हिरवी लसूणघास असते तेव्हा ती मापात. कोंडा ओला करून. मैनेचे दात आता झिजलेले आहेत, तिला एरवीही ओलं खाणंच झेपतं. म्हातारपणाने इथे आमची थोडी सोय केली.

मामांशी माझं भांडण झालं ते धुरीवरून. त्यांच्या पोतडीत घोड्याच्या प्रत्येक दुखण्यावर धुरी आहे: ओव्याची, हळदीची, लसणीच्या सालींची. खोकणाऱ्या घोड्याच्या नाकाखाली निखाऱ्यांचं घमेलं धरलं की नाक वाहतं, शेंबूड पडतो आणि घरचे सगळे म्हणतात, "बघा, मोकळं झालं." नाक वाहतं कारण धूर झोंबतो, हे मी सांगितलं. मामा म्हणाले, "ताई, आमच्या आज्याच्या वक्तापासून देतोय." मी घोड्यांच्या जुन्या वैद्यकीतलं शालिहोत्र काढलं नाही, नकुलही काढला नाही, जुन्या नावांच्या स्पर्धेत मामाच जिंकले असते. डॉक्टरांना बोलावून त्यांच्यासमोर श्वास मोजले, धुरीआधी आणि धुरीनंतर. पोट किती वेळा हललं ते मामांनीच मोजलं. त्यानंतर धुरीचं नाव त्यांनी काढलं नाही, मात्र डॉक्टरांशी बोलणंही कमी केलं.

औषधं आहेत, आणि ज्या आठवड्यात श्वास फार चढतो त्या आठवड्यात ती लागतातच. सूज उतरवायला स्टेरॉइड. त्याची भीती वेगळीच: घोड्याच्या खुराच्या आत नख आणि हाड यांना जोडून ठेवणारे पापुद्रे असतात, ते स्टेरॉइडने सुजू शकतात आणि मग श्वास सुधारलेली घोडी पायाने आडवी होते. म्हाताऱ्या घोड्यांत पिट्युटरी ग्रंथीचा एक आजार बराच आढळतो आणि त्यात हा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांनी आधी तिचं रक्त तपासून घेतलं. स्टेरॉइडमध्येही एक गंमत आहे. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घोड्याला लागू पडतात. इंग्रजी नावात दोनच अक्षरं कमी असलेलं प्रेडनिसोन त्याच्या पोटातून नीट उतरतच नाही. माणसांच्या दुकानात दोन्ही सारखीच वाटतात. श्वासनळ्या सैल करणारं क्लेनब्युटेरॉल दिलं तर आराम पडतो, पण अंगाला घाम सुटतो, छाती धडधडते, आणि सूज तशीच ठेवून ते एकटंच देत राहिलं तर काही आठवड्यांत त्याचा असर उतरू लागतो. डॉक्टर त्याला मदतनीस म्हणतात, मालक नव्हे.

आणि पंप. माणसांच्या दम्याचा तोच साल्ब्युटामॉलचा पंप, त्याला लांब नळकांडं लावून एका नाकपुडीवर बसवायचं, घोडी श्वास आत घेते त्या क्षणाला दाबायचं. काही मिनिटांत कुशीतली ओढ कमी होते. तासाभराचा आराम, फार नाही. पण त्या तासात ती पाणी पिते, दोन घास खाते. मामांनी पहिल्यांदा पंप पाहिला तेव्हा ते बराच वेळ तो हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आमच्या हिचा हाच हाय की."

मामी मळ्यातच राहतात, जुन्या तबेल्याला लागून असलेल्या खोलीत. सिलिंडर आहे त्यांच्याकडे. चहा गॅसवर होतो. भाकरी, आंघोळीचं पाणी आणि सणाचा स्वयंपाक चुलीवर. चूल खोलीत, कोपऱ्यात, वर पत्र्याला एक भोक. जन्मभर पाचट, तुराट्या, शेणकुटं. आमच्यासारख्या गावांतून बायकांच्या छातीचं हे दुखणं इतकं नेमाचं आहे की त्याला दुखणं म्हणायचीही पद्धत नाही. वय झालं, म्हणतात. मैनेचा तबेला मोडून छप्पर कडुनिंबाखाली नेलं त्या दिवशी मामी दारात बसून सगळं बघत होत्या. संध्याकाळी माझ्या हातात चहा देऊन म्हणाल्या, "घोडीला मोकळी हवा आन् मला पंप."

त्या हसत बोलल्या. मला हसता आलं नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारे त्याचे दात बघतात, टाप बघतात, देवमणाचा भोवरा बघतात, चार पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी असेल तर किंमत चढवतात. शुभलक्षणांची एवढी मोठी यादी पाठ असलेल्या जाणत्यांपैकी किती जण दोन मिनिटं बाजूला बसून कूस हलते कशी हे बघत असतील? मीही एरवी अशी कुणाच्या कुशीकडे बघत नव्हते. आता सवय लागली आहे, आणि ती सवय घोड्यांपुरती राहत नाही. बसच्या पायऱ्या चढून आलेली बाई, कारखान्याच्या गेटावरचा रखवालदार, भाकरी थापता थापता मध्येच थांबणाऱ्या मामी. थांबतात, खांदे उचलतात, श्वास सोडतात, मग पुढची भाकरी.

चुलीचं काय करायचं यावर आमच्या घरी बऱ्याच बैठका झाल्या. मी गॅसची शेगडी मोठी घेऊ म्हटलं. मामी म्हणाल्या की गॅसवरची भाकरी पापुद्रा धरत नाही. धूर वर खेचणारी उंच नळीची चूल आणली. तिला जाळ कमी पडतो म्हणून ती कोंबड्यांना मिळाली. शेवटी मामांनी तोडगा काढला, आणि तो मैनेच्या डॉक्टरांकडूनच उचललेला होता, जरी ते कबूल करणार नाहीत. चूल बाहेर. भिंती नाहीत, वर पत्रा, उन्हापावसाला पुरेल इतका. मामींनी जागा स्वतः निवडली: अंगणाच्या पश्चिमेला, विहिरीच्या कठड्याजवळ, पाणी हाताशी. तो हिवाळा होता. हिवाळ्यात आमच्याकडे वारा पूर्वेकडून वाहतो, धूर उसाच्या फडावर निघून जायचा. मैना पूर्वेला कडुनिंबाखाली, मामी पश्चिमेला, मध्ये मोकळं अंगण. दोघींचा खोकला कमी झाला. मामींचा थोडा, मैनेचा बराच. मामींच्या छातीत चाळीस पावसाळ्यांचा धूर आहे, तो चूल हलवून निघणार नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मैनेचं कधी थांबवायचं, हेही डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे. त्यांचं माप सरळ आहे: औषध चालू असताना, धूळ नसताना, खायचं की श्वास घ्यायचा यातलं एकच जमायला लागलं की मला फोन करा. अजून ती दोन्ही करते. शाळूची मळणी सुरू झाली की तिला कॅनॉलच्या पलीकडच्या शेतात नेऊन बांधतो, कारण मळणी यंत्राचा भुसा अर्धा मैल तरी येतोच. वाटेत ती दोन ठिकाणी उभी राहते. मामा घाई करत नाहीत. तंबाखू मळत तेही उभे राहतात.

जूनमध्ये वारा फिरला. पश्चिमेकडून ढग आले, आणि ढगांआधी मामींच्या चुलीचा धूर अंगण ओलांडून सरळ कडुनिंबाखाली. मैनेने मान वळवली, दोन ठसके दिले. मामा चुलीकडे गेले आणि चार महिने तरी चूल मागच्या अंगाला न्यावी असं सुचवू लागले. मामींनी परातीतून हात वर काढले नाहीत.

"घोडी हलवा," त्या म्हणाल्या. "तिला चार पाय हायत. चुलीला न्हाईत."

घोडी हलवली.